शून्यरेषेखालचा श्वास

व्हेंटिलेटरच्या पडद्यावर एकाखाली एक तीन आलेख सरकत असतात. वर दाब, मध्ये हवेचा वेग म्हणजे फ्लो, खाली व्हॉल्यूम. आमच्या आयसीयूत नवा रेसिडेंट रुजू झाला की त्याची नजर आधी आकड्यांवर जाते. सॅच्युरेशन किती, प्रेशर किती, रेट किती. मी त्याला मधल्या आलेखापाशी थांबवते. शून्यरेषेच्या वरचा भाग म्हणजे मशीनने आत घातलेली हवा, खालचा भाग म्हणजे रुग्णाने बाहेर सोडलेली हवा. खाली गेलेली रेघ सावकाश वर येऊन शून्याला टेकते का, की टेकायच्या आधीच पुढचा श्वास सुरू होतो? सुरुवातीला मी त्याला एवढंच बघायला सांगते. बाकीचं पुस्तकात आहे.

रेघ टेकत नसेल, तर आधीची हवा पुरती बाहेर पडायच्या आतच नवी हवा आत जाते आहे. छाती फुगत जाते. श्वास सोडून संपला असं मशीन समजतं, त्या क्षणीही फुप्फुसांत दाब उरलेला असतो. हा ऑटोपीप. पीप, म्हणजे श्वास सोडून संपल्यावरही नळीत मुद्दाम ठेवलेला दाब, आपण मशीनवर लावतो. ऑटोपीप कुणी लावलेला नसतो आणि आकड्यांच्या रांगेत तो आपणहून दिसतही नाही. श्वास सोडताना मशीनची झडप उघडी असते, त्यामुळे मशीनला कळतो तो नळीतला दाब; अरुंद झालेल्या श्वासनलिकांच्या पलीकडे काय साचलं आहे ते त्याला कळत नाही. 1982 मध्ये पॉल पेपे आणि जॉन मरिनी या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ही गोष्ट उघड केली. श्वास सोडण्याच्या अगदी शेवटी त्यांनी बाहेरची वाट क्षणभर बंद केली. आतला आणि नळीतला दाब सारखा झाला आणि लपलेला आकडा मीटरवर आला. आज तेच काम एका बटणावर होतं. एक्स्पिरेटरी होल्ड. बटण जवळजवळ प्रत्येक मशीनवर आहे, आणि ते फार कमी वेळा दाबलं जातं याचं मला वाईट वाटतं.

सांगली-मिरज भागात थंडी पडली की आमच्याकडे दम्याचे आणि सीओपीडीचे रुग्ण वाढतात. जत, कवठेमहांकाळ, सीमेपलीकडून अथणी. त्यात अशा कितीतरी आज्ज्या असतात, ज्यांनी उभ्या जन्मात विडी ओढलेली नाही. फुंकणीने चूल फुंकण्यात, शेणी-काटक्यांच्या धुरात त्यांची फुप्फुसं गेली. न ओढणाऱ्यांतल्या सीओपीडीवर पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, तेव्हा आमच्या ओपीडीतल्या बायकांची दखल कुणीतरी घेतली असं मला वाटलं होतं. या बायका आपला आजार आमच्यापेक्षा नेमका सांगतात. “दम आत जातोय वो मॅडम, भाईर पडंना,” असं एक आज्जी छातीवर हात ठेवून म्हणाल्या होत्या. सीओपीडीचं एवढं थोडक्यात वर्णन मी कुठल्या व्याख्यानात ऐकलेलं नाही.

त्या बसतात कशा तेही बघण्यासारखं असतं. पुढे वाकून, हात मांडीवर टेकून, ओठ आवळून त्या फुंकर घातल्यासारखा श्वास सोडतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. ओठ आवळले की वाटेत थोडा दाब राहतो, बारीक श्वासनलिका मिटून जात नाहीत, श्वास लांबतो आणि जास्त हवा बाहेर पडते. शरीराने स्वतः शोधलेला हा उपाय आहे. आपण तोंडातून ट्यूब घातली की तो हिरावला जातो. झोपेचं औषध दिलं की श्वासाची लयही त्यांच्या हातात राहत नाही. तिथून पुढे श्वास सोडायला किती वेळ मिळणार हे आपण ठरवतो. ही जबाबदारी किती मोठी आहे ते ट्यूब टाकणाऱ्या माणसाने त्याच वेळी ओळखावं असं मला मनापासून वाटतं.

हिशोब साधा आहे. रेट 30 ठेवला तर एका श्वासाच्या वाट्याला दोन सेकंद येतात. 0.8 सेकंद हवा आत जाण्यात गेले तर सोडायला 1.2 सेकंद उरतात. रेट 10 केला तर वाट्याला सहा सेकंद येतात. एक सेकंद आत जाण्यात गेला तरी पाच उरतात. आता फुप्फुसाकडून बघू. फुप्फुस किती वेळात रिकामं होतं हे वाटेतला अडथळा आणि फुप्फुसाचा लवचिकपणा यांच्या गुणाकारावर ठरतं. हा गुणाकार म्हणजे टाइम कॉन्स्टंट. ट्यूब असलेल्या पण बऱ्या फुप्फुसात तो साधारण अर्धा सेकंद असतो आणि असे तीन गेले की 95 टक्के हवा बाहेर पडते. म्हणजे दीड सेकंदात काम होतं. श्वासनलिका आवळलेल्या रुग्णात तोच 1.8 सेकंदांपर्यंत जाऊ शकतो. तिप्पट केला की साडेपाच सेकंदांच्या जवळ. अशा रुग्णाला 1.2 सेकंद देणं म्हणजे त्याचा श्वास अर्ध्यावर तोडणं आहे. साठणं अखंड चालू राहत नाही हे खरं. छाती फुगली की ती आतून जास्त जोराने हवा ढकलते, नलिका थोड्या रुंदावतात आणि कुठेतरी समतोल होतो. तो समतोल किती वर जाऊन होतो, आणि तोवर हृदय टिकतं का, हा प्रश्न आहे.

कोविडनंतर माझी ही काळजी वाढली आहे. त्या दोन वर्षांत तालुक्याच्या दवाखान्यांपर्यंत व्हेंटिलेटर पोचले, आणि ते चालवायला पुष्कळ तरुण डॉक्टर, सिस्टर, ब्रदर काम करता करताच शिकले. त्यांच्या कष्टांना तोड नाही. पण ते शिकले ते ताठर फुप्फुसांवर. कोविडमध्ये होणाऱ्या एआरडीएसचं फुप्फुस ताठ असतं, झटकन रिकामं होतं. तिथे श्वास लहान आणि रेट जास्त हे योग्यच आहे. 2000 सालच्या अमेरिकेतल्या ज्या मोठ्या अभ्यासाने किलोमागे 6 मिलिलिटरचा लहान श्वास रूढ केला, त्यात रेट 35पर्यंत न्यायची मुभा होती. तो 28-30चा रेट हातात बसला. आता त्याच हातांपुढे धुराने पोखरलेलं, सैल, सावकाश रिकामं होणारं फुप्फुस येतं आणि बोटं सवयीने तोच आकडा फिरवतात.

एका हिवाळ्यात पहाटे साठीपुढच्या एका काकूंना आणलं. दुसऱ्या गावी ट्यूब टाकून अँब्युलन्समधून पाठवलं होतं. अँब्युलन्सवरचा मुलगा वाटभर अँब्यू बॅग दाबत आला होता. त्याच्या कपाळावर घाम होता आणि हात थांबत नव्हता. काकूंची उंची पाच फुटांच्या आत, म्हणजे त्या मापाने वजन धरायचं त्रेचाळीस किलोच्या आसपास. त्यांना एका वेळी 300 मिलिलिटर, मिनिटाला दहा श्वास, एवढं सुरुवातीला पुरलं असतं. मोठ्यांची बॅग दोन्ही हातांनी पुरती दाबली तर एका वेळी त्याच्या दुप्पट जाते, आणि हा मुलगा मिनिटाला तीस-पस्तीस वेळा दाबत होता. नाडी लागत नव्हती. बीपी 60. सलाइन जोरात सोडलेलं, बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड चालू. ईसीजी काढायची घाई सुरू झाली. मानेच्या शिरा टम्म फुगलेल्या होत्या, छाती वर उचललेलीच राहिली होती, प्रत्येक दाबाला जेमतेम हलत होती.

मी बॅग ट्यूबपासून सुटी केली.

ट्यूबच्या तोंडातून हवा येत राहिली. एका फटक्यात नाही. बारीक शीळ घातल्यासारखी, पंधरा-वीस सेकंद. छाती खाली बसताना सगळ्यांना दिसली. बीपी 80, मग 100. नॉरअ‍ॅड त्या दिवसात बंद झालं.

असं का होतं हे समजलं की पुन्हा विसरता येत नाही. शरीरातलं रक्त शिरांतून हृदयाकडे परत येतं ते फार थोड्या दाबाच्या फरकावर. छातीत अडकलेल्या हवेचा दाब त्या फरकाइतका झाला की रक्त दारात थांबतं. हृदय धडधडत असतं, पण त्यात भरायला काही येत नाही. मॉनिटरवर ठोके दिसतात आणि हाताला नाडी लागत नाही. अशा वेळी हृदय बंद पडलं समजून छाती दाबायला सुरुवात होते, बॅग आणखी जोरात दाबली जाते, आणि ज्याने हे झालं तेच वाढतं. प्रयत्न थांबवल्यावर काही मिनिटांनी रुग्णाची नाडी आपोआप परतल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत 1982पासून नोंदलेल्या आहेत. बायबलमधल्या लाझारसचं नाव त्यांना पडलं आहे. त्यातल्या काहींचं एक पटणारं कारण हेच मानतात: बॅग थांबली, अडकलेली हवा सुटली, रक्त परत आलं. म्हणून दम्याच्या किंवा सीओपीडीच्या रुग्णाची ट्यूब टाकल्यावर नाडी गेली, तर छाती दाबणं चालू ठेवूनच आमच्या टीमने काही सेकंद बॅग सुटी करावी असा माझा आग्रह असतो. सुटी करूनही सुधारलं नाही तर फुप्फुस फुटून बाजूला हवा साचली आहे का, न्यूमोथोरॅक्स आहे का, ते लगेच सोनोग्राफीच्या प्रोबने बघायचं. आणि ताठर फुप्फुसाच्या रुग्णाला मात्र असं सहज सुटं करायचं नाही. त्याचा पीप गेला तर मिटलेली फुप्फुसं उघडायला पुन्हा तास जातात.

काकूंचा मुलगा बाहेर उभा होता. “आईला श्वास कमी पडत होता, मग तुम्ही मशीन कमी का केलं?” असं त्याने विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. मी त्याला एसटीच्या दाराचं सांगितलं. आतले उतरायच्या आधीच खालचे चढायला लागले की कुणालाच आत जाता येत नाही. कंडक्टर ओरडतो तो आधी उतरू द्या म्हणूनच. तो लगेच म्हणाला, “म्हंजे गाडी भरलीवती.” त्यानंतर मी नातेवाइकांना हेच सांगते.

सगळ्यात कठीण जातं ते रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढलेला बघून हात आवरणं. इचलकरंजीकडचा एक तरुण यंत्रमाग कामगार अशाच एका रात्री ट्यूब घालून आमच्याकडे आला. लहानपणापासून दमा, पंप संपलेला, आठवडाभर तसाच कामावर. पहिल्या एबीजीत, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत, कार्बन डायऑक्साइड 85, पीएच 7.18. रेसिडेंटने रेट वाढवण्यासाठी हात पुढे केला. कार्बन डायऑक्साइड साठला तर जास्त श्वास देऊन तो धुवून काढायचा, हे आम्ही सगळेच शिकलेलो असतो. पण इथे रेट वाढवला की सोडायचा वेळ घटतो, हवा अडकते, फुगलेल्या भागातून रक्त नीट फिरत नाही, आणि कार्बन डायऑक्साइड उलट चढू शकतो. आम्ही रेट 14चा 10 केला. आत जाणाऱ्या हवेचा वेग वाढवला, म्हणजे आत घ्यायला कमी वेळ लागून सोडायला जास्त उरेल. त्याने पीक प्रेशर वाढलं, अलार्म वाजला. अलार्मची मर्यादा वाढवून आम्ही प्लॅटो प्रेशर बघत राहिलो. पीक प्रेशरमध्ये नलिकांच्या अडथळ्याचा मोठा वाटा असतो. फुप्फुसाच्या फुग्यावर किती ताण आहे ते प्लॅटो सांगतं. ते 30च्या खाली होतं.

हे धाडस आमचं नाही. 1984 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या दारिओली आणि पेरे यांनी गंभीर दम्यात मुद्दाम कमी श्वास देऊन, कार्बन डायऑक्साइड वर राहू देऊन केलेल्या उपचारांचा अहवाल दिला. त्यांच्या त्या रुग्णांत एकही मृत्यू झाला नव्हता. पुढे 1987 मध्ये ऑस्ट्रेलियात टक्सन आणि लेन यांनी श्वास देणं काही सेकंद थांबवून रुग्णाच्या छातीतून बाहेर पडणारी सगळी हवा मोजली आणि दाखवलं की मिनिटाला एकूण किती हवा देता यावर साठण्याचं प्रमाण मुख्यतः ठरतं. डोक्यात दाब वाढलेला रुग्ण असेल तर हा मार्ग चालत नाही. आमच्या तरुणाला तशी काही अडचण नव्हती. झोपेचं औषध भरपूर दिलं. स्नायू ढिले करणारं औषध जेवढ्यास तेवढं, कारण स्टेरॉइडबरोबर ते दिवसेंदिवस चाललं तर नंतर हातपाय उचलत नाहीत. नेब्युलायझर, मॅग्नेशियम, स्टेरॉइड आपापलं काम करत होती. त्यांना वेळ मिळेपर्यंत छाती सांभाळायची एवढंच आमच्या हातात होतं. त्याची आई दर तासाला दाराशी येऊन काचेतून बघायची. सकाळी पडद्यावरची रेघ शून्याला टेकायला लागली, आणि पीएच सुधारायच्या कितीतरी आधी मला कळलं की पोरगा यातून निघणार.

एक्स्पिरेटरी होल्डचा आकडाही डोळे मिटून मानायचा नसतो. दम्यात काही नलिका कफाने पूर्ण बंद झालेल्या असतात; त्यांच्यामागची हवा त्या मोजमापात येतच नाही. ऑटोपीप 6 दिसतो आणि प्लॅटो चढत असतं. तेव्हा प्लॅटोवर विश्वास ठेवायचा. रुग्ण स्वतः जोर करत असेल तरी आकडा खोटा येतो.

रुग्ण जागा होऊन स्वतः श्वास घ्यायला लागला की वेगळा त्रास सुरू होतो. मशीनला इशारा मिळण्यासाठी त्याला आधी ऑटोपीपएवढा दाब स्वतःच्या ताकदीने ओढून काढावा लागतो. आत 10 साठलेले असतील तर दहा सेंटिमीटर पाण्याएवढी ओढ वाया जाते, आणि मगच मशीन दखल घेतं. काही ओढी तर पोचतच नाहीत. रुग्ण घाबरतो, तडफडतो. आपण त्याला हट्टी म्हणून मोकळे होतो. आमच्या एका ज्येष्ठ सिस्टरांनी हे हाताने पकडलं होतं. एका बाबांच्या मशीनवर रेट 18 दिसत होता. त्यांनी बाबांच्या पोटावर हात ठेवून मोजलं तर 30 भरले. “मॅडम, बाबा मागतायत आणि मशीन देत नाहीये,” असं त्या म्हणाल्या. अशा सीओपीडीच्या रुग्णात मशीनचा पीप हळूहळू वाढवून, मोजलेल्या ऑटोपीपच्या साधारण 80 टक्क्यांपर्यंत नेला, तर ओढीचं ओझं उतरतं. आवळलेल्या ओठांचं काम मशीन करतं. पण वाढवताना प्लॅटो चढायला लागलं तर तिथेच थांबायचं. बाबांना आम्ही प्रेशर सपोर्टही कमी केला. मोठे श्वास सोडायला जास्त वेळ लागतो, लहान श्वास लवकर रिकामे होतात. पोटावरचा आणि पडद्यावरचा आकडा जवळ आले तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि झोपले.

एक बारीकशी गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ती फार वेळा नजरेतून सुटते. दोष कधीकधी रुग्णात नसून सर्किटमध्ये असतो. नेब्युलायझर सतत चालू असला की बाहेर जाणाऱ्या वाटेवरचा फिल्टर ओला होऊन तुंबतो. रुग्ण चावतो म्हणून ट्यूब दबते, कफ वाळून आतला व्यास कमी होतो. फ्लोची रेघ अचानक लोळायला लागली तर औषध वाढवायच्या आधी फिल्टर बदलून बघावा, सक्शन करावं. पाच मिनिटांचं काम आहे.

अलीकडे मी आसपासच्या दवाखान्यांतल्या ब्रदर-सिस्टरांना आणि अँब्युलन्सवर काम करणाऱ्या मुलांना बॅग दाबायला शिकवते. काकूंना घेऊन आलेल्या अँब्युलन्सवरच्या त्या मुलाच्या कपाळावरचा घाम मला दिसत राहतो. तो निष्काळजी नव्हता. जीव वाचावा म्हणूनच तो तेवढ्या वेगाने दाबत होता, आणि हात सावकाश ठेवायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बॅग एका हाताने दाबायची, छाती उचललेली दिसली की सोडायची, मग मोठ्याने एक ते पाच मोजायचं आणि मगच पुन्हा दाबायचं. पहिल्यांदा सगळ्यांनाच ते पाच आकडे असह्य होतात. गेल्या वेळी एका मुलाने विचारलं, “मॅडम, एवढा वेळ दाबलं नाही तर सॅच्युरेशन पडंल की.” सॅच्युरेशन बहुतेक वेळा ऑक्सिजन वाढवून सांभाळता येतं हे मी त्याला सांगितलं, पण त्याच्या चेहऱ्यावर पटल्याचं दिसेना. म्हणून रबराच्या टेस्ट लंगला सगळ्यात बारीक ट्यूब जोडली आणि बॅग त्याच्याच हातात दिली. तुझ्या नेहमीच्या वेगाने दाब, म्हटलं. पाच-सहा दाबांत रबर ताठ फुगलं, बॅग दाबेना, त्याची मनगटं थरथरायला लागली. मग त्याने हात थांबवला आणि मी न सांगताच मोजायला लागला.